निर्दोष कोण ठरले आणि जमीन कोणाची गेली? म्हैसूरच्या भूखंडांचा इतिहास

२१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूरच्या भूखंड प्रकरणातले ईडीचे अपील फेटाळले. कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या पत्नी पार्वती आणि मंत्री बैरती सुरेश यांना ईडीने बजावलेले समन्स कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्चमध्येच रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. राजकीय लढाया मतदारांपुढे लढा, त्यासाठी तपास यंत्रणा कशाला वापरता, अशा आशयाचे खडे बोल तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी ईडीला सुनावले. ते आपल्या अमरावतीचे, रा. सू. गवईंचे चिरंजीव. साहजिकच आमच्या अनेक मित्रांनी त्या दिवशी आनंदाचे संदेश पाठवले. बहुजन नेत्याला बदनाम करण्याचा डाव फसला, असे सगळ्यांचे म्हणणे होते.

डाव होता की नाही, त्यावर पुढे बोलूच. पण त्या आनंदात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. ज्या जमिनीवरून हे सगळे महाभारत घडले ती जमीन मुळात कोणाची होती? तिचे पुढे काय झाले? आणि म्हैसूरसारख्या शहरात सरकारी भूखंड आजवर कोणाच्या वाट्याला आले?

न्यायालयाने आरोप फेटाळला की आमचे लोक दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, झाले, शुद्ध सोने निघाले. दुसरा म्हणतो, सेटिंग झाली. आम्हाला या दोन्ही गटांत बसायचे नाही. आंबेडकरी माणसाने अशा वेळी इतिहास उघडून पाहिला पाहिजे. न्यायालयापुढे जो प्रश्न नेला जातो त्याचेच उत्तर ते देते. जो प्रश्न नेलाच नाही, त्याचे उत्तर निकालपत्रात शोधून सापडत नाही.

जमिनीची कुळकथा

म्हैसूरजवळ केसरे नावाचे गाव आहे. तिथला सर्व्हे नंबर ४६४, क्षेत्र ३ एकर १६ गुंठे. ही जमीन मुळात एका दलित शेतकऱ्याची होती, हे या वादात तक्रारदारांनी आणि विरोधी पक्षांनी वारंवार सांगितले. १९३५ साली, म्हणजे म्हैसूर संस्थानाच्या काळात, लिलावात ती त्याच्या नावावर झाली.

१९९२ साली म्हैसूर नागरी विकास प्राधिकरणाने, म्हणजे 'मुडा'ने, देवनूर वसाहतीसाठी ही जमीन संपादन करायला घेतली. भरपाई ठरली सुमारे सव्वातीन लाख रुपये. १९९८ साली ती संपादनातून वगळली गेली. त्या वेळी सिद्धरामय्या उपमुख्यमंत्री होते. कागदावर वगळलेल्या या जमिनीवर प्राधिकरणाने पुढे भूखंड पाडले आणि वसाहत उभी केली. २००४ साली सिद्धरामय्यांच्या मेहुण्यांनी ती शेतजमीन म्हणून विकत घेतली. २०१० साली त्यांनी ती आपल्या बहिणीला, म्हणजे पार्वती यांना, बक्षीसपत्राने दिली. आपली जमीन प्राधिकरणाने परस्पर वापरली म्हणून २०१४ साली पार्वती यांनी मोबदला मागितला. तेव्हा पती मुख्यमंत्री होते. मोबदला प्रत्यक्षात मिळाला तो २०२१-२२ च्या सुमारास, भाजपचे सरकार असताना. केसरेच्या बदल्यात म्हैसूरच्या विजयनगर या चांगल्या वस्तीत १४ भूखंड, एकूण ३८,२८४ चौरस फूट. त्यांची किंमत ५६ कोटींच्या घरात असल्याचा आरोप झाला.

तक्रारदारांचा मुख्य आक्षेप असा, की जिथे वसाहत उभी होती ती जमीन २००४ साली 'शेतजमीन' म्हणून विकलीच कशी गेली? सिद्धरामय्यांचे उत्तर असे, की आमची जमीन गेली म्हणून आम्हाला भूखंड मिळाले, त्या वेळी सत्ता विरोधकांची होती आणि माझी कुठेही सही नाही.

या कुळकथेत पक्षकार कोण ते बघा. नेता आहे, नेत्याची पत्नी आहे, मेहुणा आहे, तक्रारदार आहेत, राज्यपाल आहेत, ईडी आहे. १९३५ सालच्या त्या शेतकऱ्याच्या घराला, म्हणजे ज्या घरापासून ही कहाणी सुरू झाली त्या घराला, वर्तमानपत्रांच्या मथळ्यात जागा नाही.

न्यायालयात नेमके काय झाले

इथे थोडे बारकाईने पाहावे लागेल, कारण 'क्लीन चिट' या एका शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ खाली मुख्यमंत्र्यांच्या चौकशीला मंजुरी दिली. गेहलोत स्वतः अनुसूचित जातीतले. २४ सप्टेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ही मंजुरी योग्य ठरवली. लाभार्थी मुख्यमंत्र्यांचे कुटुंबच आहे, तेव्हा चौकशी व्हायला हवी, असे न्यायालयाचे मत पडले. लगेच लोकायुक्त पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि ईडीही उतरली. पार्वती यांनी १४ भूखंड प्राधिकरणाला परत केले. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे देण्याची मागणी नाकारली. त्याच महिन्यात लोकायुक्त पोलिसांनी पहिल्या चार आरोपींविरुद्ध पुरावा नाही असे सांगणारा 'बी रिपोर्ट' दिला. मार्चमध्ये ईडीचे समन्स रद्द झाले आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे एक गल्लत टाळावी. आपल्याकडे पोलीस 'बी समरी' देतात तेव्हा फिर्याद खोटी आणि खोडसाळ होती असा अर्थ होतो. कर्नाटकातला 'बी रिपोर्ट' म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल. पुरावा पुरेसा नाही म्हणूनही तो दिला जातो. तसेच समन्स रद्द होणे, मंजुरी रद्द होणे, दोषारोपातून वगळले जाणे आणि खटला चालून निर्दोष सुटणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तिन्हींत साक्षीपुरावा तपासला गेलेलाच नसतो. आपल्याकडे 'आदर्श' प्रकरणात डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशोक चव्हाणांवर खटला भरण्याची राज्यपालांची मंजुरी रद्द केली, तेव्हाही 'क्लीन चिट' हाच शब्द फिरला होता.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आरोप सिद्ध झाला नाही, तर माणूस गुन्हेगार नाही. संविधान हेच सांगते आणि ते आम्हाला मान्य आहे. पण गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे वाटप न्याय्य होते, हा निष्कर्ष कोणत्याही न्यायालयाने काढलेला नाही. तो आपण आपल्या मनाने काढू नये.

प्लेग आला आणि भूखंड जन्माला आले

सरकारी भूखंड ही गोष्ट आली कुठून? ती आली प्लेगमधून. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. १८९८ साली कायदा होऊन मुंबई सुधार ट्रस्ट, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. म्हैसूर संस्थानातही प्लेगने थैमान घातले आणि १९०३ च्या सुमारास म्हैसूरलाही नगर सुधार ट्रस्ट उभा राहिला. 'मुडा' हे त्याच घराण्याचे. १९८७ च्या कायद्याने १९८८ साली त्याने ते रूप घेतले.

हेतू सांगितला गेला गरिबांच्या आरोग्याचा. घडले काय? मुंबईत ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. घर गेलेली गरीब माणसे शेजारच्या आणखी दाट वस्त्यांत कोंबली गेली. मोकळ्या हवेचे भूखंड दादर-माटुंग्याच्या बाजूला पडले आणि ते पैसेवाल्या मध्यमवर्गाकडे गेले. कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेला माणूस त्या खोल्यांत अभ्यास करत होता. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते कोणाच्या कोट्यातून नव्हे. बाबासाहेबांनी स्वतःच्या कमाईतून, कर्ज काढून ते बांधले आणि तेही मुख्यतः ग्रंथांसाठी.

याच काळात सहकारी गृहनिर्माण संस्था निघाल्या. १९१५ सालची गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था देशातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. नावातच जात आहे. दादरची पारशी कॉलनी आहे. जात किंवा धर्म बघून घर देण्याची ही पद्धत शहर आखतानाच रुजली. पुढे २००५ साली गुजरातमधल्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरते सभासदत्व ठेवण्याचा नियम वैध ठरवला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य म्हणून.

यातले काहीही 'भ्रष्टाचार' नव्हते. लाच नाही, एफआयआर नाही, ईडी नाही. सगळे नियमात बसवून शहरातली चांगली जमीन एका बाजूला गेली आणि आपला माणूस वस्तीत राहिला. म्हणून आम्ही म्हणतो, शहराच्या जमिनीतला सगळ्यात मोठा अन्याय कायद्याच्या चौकटीतच झाला. घोटाळा झाला की जे दिसते, ते या लांबच लांब इतिहासाचे फक्त शेपूट असते.

मालकाला अर्धे, मजुराला काय?

मुडाच्या योजनेकडे याच नजरेने बघा. २०२० साली म्हैसूरला पन्नास-पन्नासची पद्धत आली. जमीन विकसित करायची, निम्मे विकसित भूखंड मालकाला, निम्मे प्राधिकरणाला. ऐकायला किती छान! जुन्या पद्धतीत कवडीमोल भरपाई मिळायची, तिच्यापेक्षा हे बरे, असे शेतकरी संघटनाही म्हणतात. त्यात तथ्य आहे.

पण या योजनेत लाभार्थी कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे, कर्नाटकात ज्याला आरटीसी म्हणतात, तो. त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारा मजूर, बटाईदार, गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहणारे कुटुंब यांचा कागदावर पत्ताच नाही. गाव शहरात गेले की मालकाला भूखंड मिळतो आणि मजुराचे काम जाते. भूमिहीनाला या व्यवहारात अर्धे तर सोडाच, एक फूटही मिळत नाही. देशातल्या अनुसूचित जातीतल्या बहुसंख्य कुटुंबांकडे शेतजमीन नाही किंवा नावापुरती आहे. म्हणजे मालकीवर उभारलेली प्रत्येक मोबदला योजना जातीच्या उतरंडीवरच उभी असते.

मग राहतो सोडतीचा मार्ग. त्यात आरक्षण आहे. आपल्या म्हाडात अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६ टक्के. पण त्याला आधी अनामत रक्कम हवी, उत्पन्नाचा दाखला हवा, नंतर बँकेचे कर्ज हवे. आणि जे सोडतीबाहेर राहते ते 'विवेकाधीन' कोट्यात जाते. कर्नाटकात त्याला 'जी कॅटेगरी' म्हणत. महाराष्ट्रात नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालचा मुख्यमंत्र्यांचा कोटा होता. आमदार, खासदार, अधिकारी, पत्रकार, कलावंत असे सगळे त्या रांगेत दिसत. ही रांग कोणत्या वस्तीतून सुरू होत असे, हे वाचकांना सांगायला नको.

ईडीने जानेवारी २०२५ मध्ये मुडा प्रकरणात १४२ भूखंड जप्त केले. म्हणजे १४ भूखंड हा एकूण प्रकरणातला छोटा भाग होता. तरी देशाने चर्चा केली १४ भूखंडांची, कारण तिथे राजकारण होते. बाकीचे कोणाकडे गेले, कोणत्या दलालांमार्फत गेले, त्यावर टीव्हीच्या किती चर्चा झाल्या?

संरक्षणाचा कायदा आणि त्यातली फट

आता दलित जमिनीच्या प्रश्नावर येऊ. कर्नाटकात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. देवराज अरस यांच्या सरकारने १९७८ साली अनुसूचित जाती-जमातींच्या विशिष्ट जमिनींच्या हस्तांतरणाला बंदी करणारा कायदा केला. लोक त्याला पीटीसीएल कायदा म्हणतात. सरकारने दलित-आदिवासींना दिलेली जमीन अटी मोडून विकली गेली असेल तर तो व्यवहार रद्द आणि जमीन मूळ कुटुंबाला परत. १९८४ साली मंचेगौडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. देशभरातल्या भूमी चळवळीने अभ्यासावा असा हा कायदा.

पण त्याचे संरक्षण 'सरकारने दिलेल्या' जमिनीलाच आहे. लिलावात घेतलेल्या जमिनीला ते नाही, असा युक्तिवाद होतो आणि केसरेच्या प्रकरणातही तो झाला. सरकारने दान म्हणून दिली तर संरक्षण, आणि आपल्या पूर्वजाने स्वतःचा पैसा मोजून घेतली तर ती मोकळी! १९३५ साली, जेव्हा अस्पृश्य माणसाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, तेव्हा एका माणसाने लिलावात उभे राहून जमीन घेतली. त्याचा तो स्वाभिमानच पुढे कायद्याच्या फटीत सापडला.

दुसरी अडचण मुदतीची. २०१७ साली नेक्कंटी राम लक्ष्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमीन परत मागायला कायद्यात मुदत नसली तरी वाजवी काळात यावे लागेल. २५-३० वर्षांनी आलात तर चालणार नाही. त्यानंतर कर्नाटकात दलित कुटुंबांचे असंख्य दावे 'उशीर' या एका कारणावर फेटाळले जाऊ लागले. बंगळुरूत दलित संघटनांनी यासाठी दीर्घकाळ धरणे धरले. अखेर २०२३ साली दुरुस्ती झाली आणि मुदतीची अट लागू नाही असे कायद्यात लिहिले गेले.

ही दुरुस्ती कोणत्या सरकारने केली? सिद्धरामय्यांच्याच. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण टीका करताना माणसाचे श्रेय लपवणे हा प्रस्थापितांचा धंदा आहे, आपला नव्हे. पण त्याच न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की ज्या नेत्याने दलित जमिनीला कायद्याचे कवच दिले, त्याच्या घरातल्या जमिनीचा सातबारा मागे मागे वाचत गेले की शेवटी दलिताचेच नाव लागते असे सांगितले जाते. ही गोष्ट न्यायालयाच्या दृष्टीने गुन्हा नसेलही. चळवळीच्या दृष्टीने ती प्रश्न आहे.

गुन्ह्याची व्याख्याच आखडली

भूखंड वाटपाचे आरोप न्यायालयात टिकत नाहीत याला एक कायदेशीर कारण आहे आणि ते चळवळीत फारसे बोलले जात नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १३(१)(ड) होते. लोकसेवकाने सार्वजनिक हित नसताना कोणाला आर्थिक फायदा करून दिला, तर प्रत्यक्ष लाच घेतल्याचा पुरावा नसला तरी तो गुन्हा होऊ शकत असे. २०१८ च्या दुरुस्तीत हे कलम गेले. प्रामाणिक अधिकाऱ्यांना निर्णय घ्यायला भीती वाटते, असे कारण दिले गेले. त्याच दुरुस्तीने कलम १७-अ आले, म्हणजे निर्णयाबाबत चौकशी करायचीही आधी मंजुरी घ्या. ही दुरुस्ती केंद्रातल्या भाजप सरकारच्या काळात झाली, आणि तोच पक्ष पुढे म्हैसूरपर्यंत पदयात्रा काढून भ्रष्टाचाराविरुद्ध छाती बडवत होता.

परिणाम काय? आपल्या माणसांना भूखंड देणे हे आता बहुतेक वेळा 'अनियमितता' ठरते, गुन्हा ठरत नाही. गुन्हा ठरायला पैशाची देवघेव दाखवावी लागते. आणि नातेसंबंधांच्या, जातीच्या, शिफारशीच्या व्यवस्थेत पैसा हातातून हातात जावा लागतच नाही. सवर्णांची ही व्यवस्था शंभर वर्षे बिनलाचेची चालली, हे आपण वर पाहिलेच.

तमिळनाडूतल्या 'टान्सी' जमीन प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने जयललितांची निर्दोष सुटका कायम ठेवली. पण त्याच निकालात त्यांनी आपल्या सदसद्विवेकाला उत्तर द्यावे आणि जमीन परत करावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली. म्हणजे गुन्हा नाही तरी काहीतरी चुकले आहे, हे न्यायालयालाही बोलावे लागले. पार्वती यांनीही भूखंड परत केले. परत केले ते प्राधिकरणाला. प्राधिकरणाने ते पुढे कोणाला द्यावेत, हे कोणी विचारले का?

'आपला माणूस' आणि आपली पंचाईत

आता त्या डावाबद्दल. सिद्धरामय्या कुरुब समाजाचे, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारख्या समाजाचे. अल्पसंख्याक, मागास आणि दलित यांची 'अहिंद' आघाडी ही त्यांची ओळख. बहुजन नेत्यावर आरोप झाला की तो टीव्हीवर आठवडाभर चालतो आणि आरोप फेटाळला की आतल्या पानावर चार ओळी येतात, हा आपला अनुभव आहे. बहन मायावतींवरचा बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ताज कॉरिडॉरच्या आदेशात अशा चौकशीचे निर्देशच नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. नऊ वर्षे झालेली बदनामी मात्र कोणी परत घेतली नाही. आजही हॉटेलात बसून लोक 'ती हारवाली' म्हणतात. भ्रष्टाचाराच्या चर्चेला या देशात जात आहे, यात आम्हाला शंका नाही.

पण त्यामुळे उलटी चूक करू नये. आपल्या माणसावर आरोप झाला की तो मनुवाद्यांचा कट, आणि विरोधकावर झाला की ते सत्य, असे मोजमाप आपण ठेवले तर आपणच फसतो. या प्रकरणात मंजुरी देणारे राज्यपाल दलित, अपील फेटाळणारे सरन्यायाधीश आंबेडकरी घरातले, आरोप झालेला नेता बहुजन, आणि जमीनही दलिताची असे सांगितले गेले. सगळे आपलेच. तरी शेवटी ज्याची जमीन होती त्याच्या हाती काही नाही. प्रतिनिधित्व मिळाले म्हणजे जमीन मिळाली असे होत नाही, हा धडा यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार?

कोणी म्हणेल, त्या कुटुंबाने जमीन विकली, पैसे घेतले, विषय संपला. बरोबर, विकली. पण शहर अंगावर चालून येत असताना, जमिनीवर संपादनाची नोटीस असताना, ताकद नसलेला माणूस जेव्हा जमीन विकतो तेव्हा तो सौदा बरोबरीचा असतो का? ज्याला पुढची योजना माहीत आहे तो घेणारा, आणि ज्याला माहीत नाही तो विकणारा. ही विषमता कोणत्याही कलमात बसत नाही.

महाराष्ट्राने हसू नये

हे कर्नाटकाचे म्हणून आपण बाजूला बसू शकत नाही. महार वतनाचा इतिहास आठवा. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक आणले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. स्वतंत्र महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी नवीन अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, अशी अट. कागदावर संरक्षण भक्कम. प्रत्यक्षात शहरालगतच्या किती वतन जमिनी कुलमुखत्यारपत्रांवर बिल्डरांकडे गेल्या, ते गावागावातल्या आपल्या लोकांना विचारा.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला. चर्चा कशावर झाली? मुद्रांक शुल्क किती भरले, कंपनी कोणाची, कोण राजीनामा देणार यावर. वतनदार कुटुंबांचे काय, हा प्रश्न शेवटच्या ओळीत आला. म्हैसूर आणि मुंढवा यांच्यात भाषा बदलते, नकाशा बदलतो, गोष्ट तीच राहते.

मग मागायचे काय?

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती राज्याच्या मालकीची करण्याची आणि जमीन जात न पाहता कसणाऱ्यांना देण्याची मांडणी केली. अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी पडीक सरकारी जमीन आणि त्यासाठी आयोगाची मागणी त्यात होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या सत्याग्रहींनी कोणावर भ्रष्टाचाराचा आरोप केला नव्हता. त्यांनी जमीन मागितली होती. गेल्या काही दशकांत आपण ती मागणी खाली ठेवली आणि कोण भ्रष्ट, कोण स्वच्छ या दुसऱ्यांच्या भांडणात प्रेक्षक झालो.

आमच्या मते तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, प्रत्येक नागरी प्राधिकरणाने, मग ते मुडा असो, म्हाडा असो की सिडको, स्थापनेपासून वाटलेल्या भूखंडांची आणि घरांची प्रवर्गनिहाय यादी जाहीर करावी. विवेकाधीन कोट्याची यादी वेगळी. दोन, मोबदला योजनेत जमीनमालकाबरोबर त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचा हिस्सा कायद्याने ठरवावा. तीन, अवैध ठरलेले किंवा परत आलेले भूखंड पुन्हा लिलावात न काढता त्या भागातल्या बेघर आणि मूळ जमीन गमावलेल्या कुटुंबांना द्यावेत. सुरुवात म्हैसूरच्या १४ भूखंडांपासून करता येईल. सामाजिक न्यायाचे नाव घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांनी हे करून दाखवले, तर आम्ही त्यांचे अभिनंदन सगळ्यात आधी करू.

न्यायालयाने आपले काम केले. एका माणसाविरुद्ध पुरावा आहे का, कोणत्या यंत्रणेला अधिकार आहे का, एवढेच ते पाहते आणि तेवढेच पाहिले. जमीन कोणाची, हा खटला अजून दाखलच झालेला नाही. तो दाखल करायचे काम चळवळीचे आहे. पुढच्या वेळी कोणा नेत्याला 'क्लीन चिट' मिळाल्याची बातमी येईल, तेव्हा पेढे वाटण्याआधी किंवा शिव्या देण्याआधी तलाठ्याकडे जाऊन त्या जमिनीचे जुने फेरफार काढा. पहिल्या फेरफारावर कोणाचे नाव आहे ते वाचा.

जय भीम! जय संविधान!